मागून तिसऱ्या अक्षरावर

—तर लिफ्टमध्ये म्हटलं तेच, क्षिप्रा, अर्थ मला ठाऊक आहे. अर्थाचा प्रश्नच नाही. मी फक्त ताडून बघायला आलोय — मला जो लागलाय तोच तुला लागतो का, बस. पाच-सहा वाक्यं आहेत. तू इटालियन शिकवतेस, अर्धी द्वारका तुझ्याकडून शिकून तिकडे गेली, तुला काय, चहा उकळेपर्यंतचं काम. नाही, चहा नको. बरं, ठेव. अर्धा. साखर घाल, घरी देत नाहीत. घरी कुणी नाहीच आत्ता, सगळी फौज सरोजिनी नगरला गेलीय, व्याह्यांना दिल्लीचं मार्केट दाखवायला. मी गुडघा दुखतो म्हणून राहिलो. गुडघा? गुडघा उत्तम आहे गं... व्याही. व्याही! समधी, समधी! कमाल आहे. तुझ्या बाबांनी आणि मी इतकी वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला, अस्सल साताऱ्याचा माणूस, आणि मुलीला व्याही कळत नाही, इटालियन कळतं. बरं, समधी. आमच्या अश्लेषाचे सासरे. एत्तोरे. पण तसं नाही म्हणायचं — एत्-तो-रे. दोन त आले की मधून कापायचं, एक त अलीकडे, एक पलीकडे, आणि जोर पहिल्यावर. एऽत्-तो-रे. आमच्या गेटवरचा गार्ड त्यांना 'इतवारी साब' म्हणतो. मी त्याला दोनदा टाळ्या वाजवून शिकवलं, तर म्हणाला, सर, रजिस्टरमें इतवारी ही चढ़ गया है.

आता तू विचारशील, पद्माकरकाका, तुम्ही कधी शिकलात? पानिपतला. माझ्या तिकडे टूर असायच्या, हातमागाच्या फाइली. तिथे एक इटालियन व्यापारी यायचा. एकदा बाहेर चक्का जाम झाला आणि आम्ही दोघं गोदामात अडकलो — तो, मी आणि एक सतरंजी. सतरंजी इतकी लांब, क्षिप्रा, की बसायला म्हणून आम्ही थोडी उलगडली तर ती उलगडतच गेली, गोदामाबाहेर, हायवेवर, आणि दुसरं टोक कर्नालला निघालं. तिथून ठाणेदाराचा फोन, की साहेब तुमचं टोक घेऊन जा. हसू नकोस. तर त्या सतरंजीवर बसून त्यानं मला शिकवलं. मोबाइलवर एक पान उघडलं आणि— काय? तेव्हा मोबाइल कुठले? ...बरं बाई. धरलंस. अश्लेषानं नाही धरलं. पानिपत राहू दे.

मोबाइलवरचं पान मात्र खरं आहे. दोन वर्षांपूर्वी. अश्लेषाचं तिकडे लग्न झालं ना, म्हणजे तिकडच्या कचेरीत सही केली, इकडचा समारंभ आत्ता गुरुवारी झाला — हो, तू आली होतीस, श्रीखंड कमी पडलं — तर तेव्हापासून ती आमच्याशी व्हिडिओवर बोलायची, आणि बोलता बोलता मध्येच मान वळवून नवऱ्याशी इटालियनमध्ये बोलायची. काय असणार? गॅस बंद कर, नाहीतर किल्ली कुठेय. पण मला कसंतरी व्हायचं. आवाज माझ्याच मुलीचा आणि त्यातले चढउतार दुसऱ्याच कुणाचे. जिथे ती आयुष्यात कधी थांबली नाही तिथे थांबायची, जिथे खाली यायची तिथे वर जायची. म्हटलं, हे तरी कळू दे. म्हणून ते पान. शब्द कसा तोडायचा आणि जोर कुठे द्यायचा. पहिला धडा. पुढे होते की धडे — माझं नाव अमुक, मला पाणी हवं, स्टेशन कुठे आहे. पण मी पहिल्यातून बाहेरच आलो नाही. इतका गोड धडा! तुला काय सांगतोय, तू शिकवतेस. पण ती नावं बघ ना — मागून दुसऱ्या अक्षरावर जोर असला की शब्द सपाट. आ-मीऽ-को. अगदी शेवटी जोर आला की शब्द तोडलेला. चित्-ताऽ. आणि मागून तिसऱ्यावर गेला की शब्द घसरडा! घसरडा म्हणतात गं, त्यांचे व्याकरणवाले! ताऽ-वो-लो. पहिल्या पायरीवर पाय ठेवला की उरलेल्या दोन घसरतच उतरायच्या. आणि कुठला सपाट नि कुठला घसरडा याची खूण नाही वर. तोडलेल्यावर तेवढी एक तिरकी रेघ देतात, बाकी शब्द ओळखीचा असेल तर कळतं म्हणे. नसेल तर आपटा.

मी नाही आपटलो. मी ऐकून ऐकून बसवले. बाल्कनीत उभं राहायचं, कठड्यावर बोटं वाजवायची, एकेक शब्द. कुमुदिनी म्हणायची, शेजारच्यांना वाटेल जप करताय. जपच तो. अगं, शाळेत पठणाच्या स्पर्धेत माझा पहिला नंबर कधी चुकला नाही. अख्खंच्या अख्खं संस्कृत, अनुस्वार, विसर्ग, श्वास कुठे घ्यायचा ते सगळं, आणि अर्थ? अर्थ परीक्षकांनाही येत नसावा. आमचे गुरुजी म्हणायचे, आधी वाणी शुद्ध करा, अर्थ काय, वय झालं की आपोआप उमगतो. माझं छप्पन्न झालं. मी वाट बघतोय. — थांब, विमान जाऊ दे. तुमच्या टॉवरवरून जरा जास्तच खालून जातात नाही?

हां. तर व्याही आले. हातात एक छोटी खुर्ची, स्वतः केलेली. खुर्च्या करतात ते, आयुष्यभर तेच. आमच्या घरात आल्या आल्या आधी सगळ्या खुर्च्या उलट्या करून बघितल्या, एकीला नाक मुरडलं. तर ती छोटी खुर्ची तिकडच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. मी कागद सरळ केला आणि सगळ्यांसमोर वाचायला लागलो. मोठ्यानं. एक जोर चुकला नाही, क्षिप्रा! घसरडे घसरले, सपाट सपाट पडले, दोन-दोन त असे कापले की सुरीला लाज वाटावी. विहीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. एत्तोरे उभे राहिले. डोळे भरून आले त्यांचे. अश्लेषा म्हणाली, बाबा! तुम्ही कधी शिकलात? मग मी पानिपत सांगितलं. ती निधनवार्ता होती म्हणे. कुणीतरी त्यांच्या गल्लीतलाच. मी म्हटलं, मुद्दाम निवडली, माणसाची आठवण काढावी.

मग काय, बांधच फुटला. त्या माणसाला इंग्रजीचा एक शब्द येत नाही. पहिल्या दिवशी दाविदे मध्ये बसून सांगायचा — दाविदे, जावई, आमच्या सोसायटीत सगळे डेव्हिड म्हणतात, पण दाऽ-वि-दे, घसरडा. मी त्याला म्हटलं, तू जा रे बाबा, बायकोला घेऊन मेट्रोत फिर, आम्ही दोन व्याही आमचं आमचं बघतो. आणि बघितलं की! ते बोलायचे आणि मी म्हणायचो चेर्तो. अर्थात. मग दाव्वेरो? खरंच? आणि त्यांचा चेहरा पडला की पेक्काऽतो. अरेरे. एवढ्यावर सगळं चालतं. हसू नकोस, तूही करून बघ. आपल्या मराठी मंडळात राजाभाऊ दोन-दोन तास बोलतात तेव्हा समोरचे याहून वेगळं काय म्हणतात? मी ऑफिसात तीस वर्षं यस सर, नोटेड सर आणि प्लीज डिस्कसवर काढली. आणि एत्तोरेंना म्हणे असा ऐकणारा आयुष्यात भेटला नव्हता. अश्लेषानं सांगितलं मला. म्हणाली, बाबा, ते म्हणतात, पद्माकरसारखं कुणी ऐकत नाही. बिचारा. आवडला मला तो माणूस, काय सांगू. आम्ही खुर्च्या मांडून बाल्कनीत बसतो, ते बोलतात, मी त्यांचे जोर मोजतो.

चहा छान झालाय. हो, येतो, वाक्यांवरच येतो. तुझा क्लास किती वाजता? मग आहे वेळ.

काल संध्याकाळी. खाली पार्कातल्या बाकावर आम्ही दोघंच. एत्तोरे जवळ सरकले. मग माझा हात धरला, दोन्ही हातांनी. त्यांचे हात म्हणजे रंधा मारलेली लाकडं. आणि बोलले. सावकाश बोलले, लहान मुलाला घास भरवावा तसं, एकेक वाक्य. बोलताना डोळ्यांत पाणी. आणि शेवटी आवाज वर गेला, म्हणजे प्रश्न. तो प्रश्न मला कळला, तेवढं येतं मला — सेइ कोन्तेन्तो? खूश आहेस ना? आणि माझ्याकडे बघत राहिले. पोर निकालाच्या बोर्डाकडे बघतं तसे. आता मी काय करणार? तू काय केलं असतंस? नाही, तू विचारलं असतंस, कशाबद्दल म्हणून. पण इतके दिवस ज्या माणसाचं सगळं कळतंय त्याला मध्येच काही कळेनासं कसं होईल? मी म्हटलं चेर्तो. पण चेर्तो कोरडं पडलं. त्यांचा हात सैल झाला नाही. मग मी त्यांचाच शब्द उचलला आणि त्याला इस्सिमो लावलं, म्हणजे अतिशय. लावलं की बघ काय होतं — कोन्तेन्तो सपाट असतो, मधल्यावर जोर, पण इस्सिमो आलं की जोर तिथून निसटतो आणि मागून तिसऱ्यावर जाऊन बसतो. कोन्-तेन्-तीऽस्-सि-मो! असा लागला, क्षिप्रा! गाणाऱ्याला कधीतरी एखादा सूर लागतो तसा. त्यांनी मला मिठीच मारली. पार्कात फिरणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या.

मला तर वाटलं होतं सरळ गोष्ट आहे. त्यात ऊदिने आलं होतं, त्यांचं गाव — उदीने नाही हं, ऊऽ-दि-ने. प्रोन्तो आलं होतं, म्हणजे तयार. दिल्ली आली, अश्लेषा आली. म्हटलं, आम्हाला बोलावतायत. ऊदिनेला या, सगळं तयार आहे, नाही म्हणू नका. खूश आहेस ना? आता यावर कोन्तेन्तीस्सिमो नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

पण वर गेलो आम्ही, तर दार अश्लेषानंच उघडलं. एत्तोरे तिला काहीतरी बोलले, त्यातलं माझं इस्सिमो तेवढं मी ओळखलं. आणि पोरगी गळ्यात पडली. रडायला लागली. थँक यू बाबा, थँक यू, मला वाटलं होतं तुम्ही... दाविदे वाकून पाया पडला, नीट, दोन्ही हातांनी, नाहीतर एरवी गुडघ्यापर्यंत येऊन परत जातो. आता उन्हाळ्याच्या सुट्टीला सासऱ्यानं यायचं कबूल केलं म्हणून जावई एवढा वाकतो का? आणि कुमुदिनी स्वयंपाकघरात. बाहेर आलीच नाही. आज सकाळी चहा ठेवला समोर, कप जरा जोरातच ठेवला. म्हणाली, एकदा मला विचारायचंत तरी. पण नाही, तुम्हाला मोठेपणा घ्यायचा असतो चारचौघांत. आणि आत गेली. कसला मोठेपणा? काय घेतला मी? विचारू कसं? विचारलं की आधी हेच कळणार ना, की मला— म्हणजे, ताडून बघायचं राहिलं होतं म्हणून.

आणि निघताना अश्लेषा चप्पल घालत म्हणाली, बाबा, मग आज मी मेल करून टाकते हं. मी म्हटलं, कर की. लगेच कर. कसला मेल? फोटोंचा असेल. गुरुवारचे फोटो.

फोनला विचारता आलं असतं, हो. काढला होता मी फोन. बोलायलाही लागलो होतो त्याच्याशी. मग म्हटलं, नको. त्या बाईचा आवाज कसा असतो माहीत आहे ना, 'पाँच सौ मीटर के बाद बाएँ मुड़िए'. तिनं नको सांगायला.

तर ऐक. जसं बोलले तसंच म्हणतो, एक मात्रा इकडची तिकडे नाही. मध्ये बोलू नकोस, मग मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं, पठणाचं तसंच असतं. हं. — पाद्मा-कार, इ रा-गात्-त्सी नोन आन्-नो इल को-राज्-जो दी दीऽर्-ते-लो. रेऽ-स्ता-नो दा नोइ, आ ऊऽ-दि-ने. — बघ, रेस्तानोचा स् मागे नाही जात, त ला धरून राहतो, आणि दोन्ही घसरडे लागोपाठ! — इल प्याऽनो दी सोप्रा ए जाऽ प्रोन्तो. आश्लेऽशा प्यांजे तुत्-ते ले सेरे, आ पाऊऽरा दी फार्ती माले. से तू दीची दी नो, वेऽन्-गो-नो आ देली. दीम्-मी तू — सेइ कोन्तेन्तो?

झालं. कसं होतं? नाही, उच्चार. उच्चार कसे होते? ...अगं, तू बघत काय बसलीस. ऊदिनेचा माणूस बसलाय असं वाटलं की नाही? विद्यार्थ्यांना ऐकवायला बोलाव मला कधी. फी नको, साखरेचा चहा बस.

बोल ना. एकेक सांग. पहिलं.

पोरांना... तुला सांगायची... हिंमत होत नाही. हां. बरोबर. मला तेच लागलं होतं. काय सांगायची? बरं, दुसरं सांग.

आमच्याकडेच राहतायत. ऊदिनेला. हो, मग, राहतायतच की. आत्ता राहतायतच तिथे. म्हणजे डिसेंबरपर्यंत. डिसेंबरात इकडे येणार ना दोघं — तुला सांगितलं नव्हतं? मी अख्ख्या मंडळाला सांगितलंय, गणपतीत माइकवरून सांगितलंय. गुरुग्रामला काम मिळालं तिला, मोठ्या कंपनीत, कापडांचं डिझाइन, हो म्हणून कळवलंय तिनं, त्याचंही होतंय. आणि आमच्या समोरचा कपूरांचा फ्लॅट रिकामा होतोय, मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय. समोरचा म्हणजे समोरचाच, दार उघडलं की दार. बेलसुद्धा मी नवीन बसवून घेतली तिथे, कपूरांची जुनी कोकिळेची होती, अश्लेषाला ती लहानपणापासून आवडत नाही. त्यामुळे राहतायत म्हणजे आत्ता राहतायत. तसंच ना? काळ कुठला आहे तो? वर्तमान ना? बघ. वर्तमानकाळ.

पुढचा काळही तसाच बोलतात? ठरलेलं असलं की. अच्छा.

तिसरं. वरचा मजला... तयार झालाय. तो आमच्यासाठी असेल. मी आणि कुमुदिनी जाऊ ना उन्हाळ्यात, तर पायऱ्या— नाही, पायऱ्या चढून वर कशाला ठेवतील पाहुण्यांना. गुडघा दुखतो असं मी सगळ्यांना सांगत असतो. — थांब. विमान. जाऊ दे. ...गेलं. हे जर्मनीचं असतं बहुतेक, या वेळचं. मी आता आवाजावरून सांगतो. अश्लेषा गेली त्या दिवशी मी बाल्कनीत उभा राहून हात हलवला होता, एका विमानाला. नंतर कळलं ते कोलकात्याचं होतं. हे खरं आहे हं, हे पानिपतचं नाही.

चौथं सांग. सावकाश कशाला बोलतेस, मला काही... अश्लेषा रोज संध्याकाळी रडते.

रोज?

तुला दुखवायची तिला भीती वाटते. हं. हं. मला फोन करायची ती संध्याकाळीच. आपली साडेसात-आठ झालेली असायची, तिची दुपार. माझा फोन झाल्यावर तिची संध्याकाळ व्हायची. मी तिला रोज सांगायचो ना — आज कपूरांनी गीझर काढला, आज मी पडद्याचं माप घेतलं, गुरुग्रामला जायला इथून मेट्रो बदलावी लागेल पण मी सोडायला येत जाईन. ती हो बाबा, हो बाबा म्हणायची. हो बाबा, खरंच बाबा? अरेरे बाबा.

...नाही, काही नाही. माझ्यावरच गेलीय पोरगी.

पाचवं नको. पाचवं राहू दे, चहा निवला. — सांग. नाही, सांग, आता उगाच अर्धवट नको. जर तू... नाही म्हणालास... तर ते दिल्लीला येतील.

परत म्हण.

परत एकदा म्हण, मराठीत नको, त्याच्या भाषेत म्हण. से तू दीची दी नो. हां. असंच म्हणाला तो. नो वर थांबला होता. मला आठवतंय, मी मनात म्हटलंही, इथे का थांबला हा, इथे थांबायचं कारण नाही, वाक्य पुढे आहे. वाट बघत होता तो, क्षिप्रा. माझी वाट बघत होता. एवढा भला माणूस, स्वतःच्या तोंडानं सांगतोय, तू नाही म्हण, ते येतील तुझ्याकडे. आणि मी त्याचा जोर मोजत बसलो. आणि तो शब्द बघ ना केवढा. नो. एक अक्षर. त्याला तोडता येत नाही, जोर कुठे द्यायचा हा प्रश्नच नाही, सपाट नाही, घसरडा नाही. पहिल्या धड्यात तो घेतही नाहीत. काही शिकवण्यासारखं नसतंच त्यात.

फोन करू? आणि काय सांगू? अश्लेषा, काल जे मी म्हटलं ते मी म्हटलंच नाही? तुझ्या सासऱ्यांनी माझ्यापाशी जे जे मन मोकळं केलं त्यातलं अक्षर न् अक्षर माझ्यापाशी आहे आणि एकही मला कळलेलं नाही? त्यांना कळलं तर काय वाटेल त्यांना? आणि पोरीला? ती म्हणेल ठीक आहे बाबा. येते बाबा. येईल हं ती! एका शब्दावर येईल. हो बाबा म्हणेल आणि येईल, आणि समोरच्या दारात संध्याकाळी... बेल तर मी वाजवीनच ना रोज. मला काय, मी तर वाजवणारच.

नाही, तू म्हणतेस ते बरोबर आहे. बिल्कुल बरोबर. मेल गेला नसेल अजून. सांगायला हवं. सांगतोच. आधी कुमुदिनीला... ती तर बोलतच नाहीये. बघ, वाजला. तिचाच आहे. अश्लेषाचा. थांब हं, बसून राहा, उठू नकोस. असू दे तू इथेच. —

हां, बोल बाळा. ऐकू येतंय. केवढा गोंधळ आहे गं तिथे! ...घेतला का? दोनशेला? अगं दीडशेला देतात, त्यांना सांग मागे फिरा म्हणजे बोलावतो तो. ...सासूबाईंना आवडला ना मग झालं. आई? आई बोलतेय का? ...बरं. बरं. अगं, ऐक, मी तुला एक... नाही, तू बोल आधी. तू बोल. ...हो. ...लिहून झाला? कुठे, तिथे उभ्या उभ्या? ...हो, कळलं. नम्रपणे नकार, हो, असंच लिहायचं, छान लिहिलंयस. ...झोप लागली? कधी नव्हे ती? ...किती दिवसांनी? ...अच्छा. अच्छा, बाळा. ...नाही, मी काही म्हणत नव्हतो. गुडघ्याचं म्हणत होतो. बराय आता. ...कोण ओरडतंय मागे? एत्तोरे? त्यांना सांग, हो, ऐकू येतंय, पाद्मा-काऽर, त्यांना म्हणावं मधल्यावर जोर द्या, द्माऽ, द्माऽवर. ...काय? नक्की का म्हणजे? पुन्हा काय विचारायचंय त्यात, काल सांगितलं ना. ...नाही गं, आवाज ठीक आहे, चहा गरम होता. ...हो. नक्की. स्पीकरवर टाक, त्यांनाही ऐकू दे. टाकलास? — कोन्तेन्तीस्सिमो! ...ऐकलं त्यांनी? हसले? ...पाठव. पाठव तू. या सावकाश.

ठेवला.

बघितलंस, आत्ताही बरोबर लागला. मागून तिसरा. हा माझा कधी चुकायचाच नाही.

बेल वाजतेय तुझी. क्लासची पोरं आली असतील, जा, उघड. मी निघतो, कोथिंबीर न्यायचीय. घरी कुणी सांगितली नाहीये, पण मला सांगता यायला हवं ना कुठे होतो ते. आणि हे आपलं, क्षिप्रा... हो. माहीत आहे नाही सांगणार. साताऱ्याचीच तू.

काय? सहावं राहिलं?

राहू दे. ते येतं मला.